ऐकू येते ते आणि दिसते ते : विद्यार्थ्यांच्या गीत-चित्रफीत प्रकल्पाचे नियोजन – एक चिकित्सा

प्रास्ताविक

गीत-चित्रफीत, म्हणजेच रूढ शब्दांत म्युझिक व्हिडिओ, हा प्रकार महाविद्यालयाच्या आवारात आता नवखा राहिलेला नाही. स्नेहसंमेलन, निरोप समारंभ, राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर अशा कोणत्याही निमित्ताने विद्यार्थी मोबाईलवर गाणे चित्रित करतात आणि संध्याकाळपर्यंत ते सर्वांना पाठवूनही देतात. आजवर याकडे हौस म्हणून पाहिले गेले. परंतु महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ची अंमलबजावणी सुरू झाली, क्षेत्र प्रकल्प आणि सहअभ्यासक्रम यांना श्रेयांक लाभले आणि हौसेची ही निर्मिती मूल्यमापनाच्या कक्षेत येण्याची शक्यता निर्माण झाली. अशा वेळी अध्यापकासमोर प्रश्न उभा राहतो तो असा की, या कृतीत नेमके काय तपासावयाचे? चित्रणाचा चकचकीतपणा की विद्यार्थ्याने केलेला विचार?

गीत-चित्रफितीचे नियोजन ही व्यवस्थापनाची बाब नसून अर्थनिर्णयाची बाब आहे, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे. तिच्या पुष्टीसाठी तीन ज्ञात उदाहरणांची चिकित्सा केली असून, त्या आधारे धर्माबादसारख्या सीमावर्ती तालुक्यातील महाविद्यालयाने असा प्रकल्प कसा आखावा याचा विचार मांडला आहे.

नियोजन : यादी की अर्थनिर्णय?

विद्यार्थ्यांच्या नियोजनाच्या वहीत सामान्यतः लोकेशन, कपडे, कॅमेरा, दिवस आणि खर्च एवढ्या नोंदी आढळतात. त्या आवश्यक आहेत. पण त्या दुसऱ्या पायरीवरच्या आहेत. गाणे ही चित्रणापूर्वीच पूर्ण झालेली कलाकृती असते. तिला शब्द असतात, चाल असते, आवाज असतो. चित्र त्यानंतर येते. म्हणून चित्राला आपल्या येण्याचे कारण द्यावे लागते. शब्दांत पाऊस आला की पडद्यावर पाऊस, शब्दांत डोळे आले की पडद्यावर डोळे, अशी पुनरुक्ती करणारे चित्र गाण्यात कसलीच भर घालीत नाही. जे ऐकू येत नाही ते दाखविणे, हेच चित्राचे खरे काम होय.

या प्रश्नाची दुसरी बाजू तंत्राच्या इतिहासात आहे. १९३५ साली न्यू थिएटर्सच्या 'भाग्यचक्र' आणि त्याच्या हिंदी आवृत्तीत, म्हणजे 'धूपछाँव'मध्ये, पार्श्वगायनाचा वापर झाला आणि भारतीय पडद्यावर आवाज व चेहरा यांची ताटातूट होण्यास प्रारंभ झाला. त्यानंतरच्याच वर्षी आलेल्या प्रभातच्या 'संत तुकाराम'मध्ये विष्णुपंत पागनीस स्वतःच गात होते. तेथे गळा आणि मुद्रा एकाच देहाची होती. पार्श्वगायन रूढ झाल्यापासून मात्र गीत चित्रित करणाऱ्या प्रत्येकाला एक निवड करावीच लागते : हा आवाज कोणाच्या चेहऱ्यावर ठेवावयाचा? विद्यार्थी ही निवड बहुधा नकळत करतात आणि वर्गातील सर्वांत देखणा चेहरा निवडून मोकळे होतात. निवड नकळत झाली तरी तिचा अर्थ मात्र लागतोच.

'मिले सुर मेरा तुम्हारा' : एक चौकट, एक भाषा

नियोजनाचा आदर्श म्हणून ज्या चित्रफितीकडे बोट दाखविले जाते ती म्हणजे १५ ऑगस्ट १९८८ रोजी दूरदर्शनवर प्रथम प्रसारित झालेली 'मिले सुर मेरा तुम्हारा'. सुरेश मलिक यांची कल्पना, पीयूष पांडे यांचे शब्द, अशोक पत्की आणि लुई बँक्स यांचा संगीतातील वाटा आणि कैलाश सुरेंद्रनाथ यांचे दिग्दर्शन असा हा मेळ होता. पंडित भीमसेन जोशी यांच्या भैरवीने आरंभ होतो, एकच आशय हिंदीसह चौदा भाषांतून फिरतो आणि सुमारे सहा मिनिटांत राष्ट्रगीताच्या सुरांशी येऊन थांबतो.

या कृतीचे यश तिच्या आखणीत आहे. चाल एक राहते आणि भाषा, वाद्यमेळ, निसर्ग व वेश बदलत जातात. त्यामुळे 'विविधतेत एकता' हा घासून गुळगुळीत झालेला विचार येथे उपदेश न राहता ऐकण्याचा अनुभव होतो. पडद्यावर केवळ चित्रपट कलावंत नाहीत. गायक, नर्तक, खेळाडू, लेखक आणि सामान्य माणसेही आहेत. याच दिग्दर्शकाने २०१० साली केलेल्या 'फिर मिले सुर'शी तुलना केली असता हा विवेक अधिक ठळक होतो. सोळा मिनिटांहून अधिक लांबलेल्या त्या आवृत्तीवर चित्रपट ताऱ्यांच्या गर्दीबद्दल टीका झाली. साधनसामग्री वाढली, नावे वाढली. पण कोणाला वगळावे हा निर्णय सैल झाला. नियोजनात वगळणे हे जमविण्याइतकेच महत्त्वाचे असते, हा धडा या जोडीतून मिळतो.

तथापि, मूळ कृतीचीही एक मर्यादा आहे आणि सीमाभागातील अभ्यासकाला ती विशेष जाणवते. येथे सर्वसाधारणपणे एका चौकटीत एकच भाषा राहते. मराठी आली की मराठी चेहरा, तेलुगू आली की तेलुगू चेहरा. एकता निर्माण होते ती संकलकाच्या टेबलावर, दोन शॉटच्या सांध्यावर. एकाच माणसाच्या तोंडी दोन भाषा नांदतात, हे वास्तव या आखणीत बसत नाही. धर्माबादच्या बाजारात मात्र तेच नित्याचे आहे.

'झिंगाट' : एक चाल, दोन भूमी

दुसरे उदाहरण विद्यार्थ्यांच्या अगदी जवळचे आहे. नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. अजय-अतुल यांच्या त्यातील 'झिंगाट'वर महाराष्ट्र नाचला; विद्यार्थ्यांनी त्याच्या नकला केल्या. परंतु नक्कल झाली ती नाचाची, आखणीची नव्हे. या गाण्याच्या शब्दांत जातीचा उल्लेख नाही, सत्तेचाही नाही. प्रेमात पडलेल्या मुलाचा तो निव्वळ उन्माद आहे. चित्रात मात्र ज्या पाटलाच्या मुलीवर त्याचे प्रेम आहे त्याच पाटलाच्या दारी, त्याच घरच्या वाढदिवसाला तो नाचतो आहे. कान आनंद ऐकतो आणि डोळा धोका पाहतो. हे अंतरच त्या चित्रीकरणाचा अर्थ होय, आणि कथानकात ते लगेचच खरे ठरते.

२०१८ साली 'धडक' या हिंदी चित्रपटात हेच गाणे, त्याच संगीतकारांचे, हिंदी शब्दांत आले. कथा उदयपूरला हलली. चाल तीच, ठेकाही तोच. तरीही करमाळ्याच्या परिसरात ज्या ताणाने ते गाणे भारले होते तो ताण येथे विरळ झाला आणि उरला तो उत्सव. या तुलनेचे अध्यापनमूल्य मोठे आहे. एरवी दोन चित्रफितींची तुलना करताना गाणेच वेगळे असल्याने निष्कर्ष संदिग्ध राहतो; येथे चाल स्थिर आहे आणि भूमी बदलली आहे. स्थळ ही पार्श्वभूमी नसून अर्थाचा घटक आहे, हे सिद्ध करण्यास यापेक्षा सुटसुटीत उदाहरण क्वचितच मिळेल. प्रकल्पाच्या पहिल्या तासिकेस ही दोन चित्रणे लागोपाठ दाखवून चर्चा घ्यावी, असे सुचवावेसे वाटते.

जात्यावरची ओवी : आवाज आणि चेहरा पुन्हा एकत्र

तिसरे उदाहरण झगमगाटापासून दूरचे आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी ग्रामीण महाराष्ट्रातील स्त्रियांच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. पुढे बर्नार बेल यांच्या सहभागाने त्यांतील अनेकींचे ध्वनिमुद्रण झाले. मराठवाड्यातील माजलगावच्या भीमनगरात १९९६ मध्ये मुद्रित झालेल्या डॉ. आंबेडकरांविषयीच्या ओव्या याच संग्रहातील होत. २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संकेतसंग्रहाने हा ठेवा शब्द, ध्वनी आणि अनेक ठिकाणी चित्रफितीसह प्रकाशित करण्यास आरंभ केला.

येथील चित्रणात सजावट नाही. जी गाते तीच दिसते आणि तिचे नाव, गाव, व्यवसाय यांची नोंद गाण्यासोबत राहते. 'मिले सुर'मधील काही अभिनेत्रींना कविता कृष्णमूर्ती यांचा आवाज होता. प्रेक्षकाला दिसले ते चेहरे. ओव्यांच्या चित्रफितीत पार्श्वगायनाने केलेली ताटातूट मिटते आणि श्रेयाचा प्रश्नही सुटतो. याही पद्धतीला मर्यादा आहे. ती नोंद करते, पण भाष्य फारसे करीत नाही. दस्तऐवज आणि कलाकृती यांतील अंतर तिला ओलांडावयाचे नसते. तरीही, गाण्यातील माणसाविषयी उत्तरदायी असणे म्हणजे काय, हे विद्यार्थ्याला तिच्यातूनच शिकता येईल.

धर्माबाद परिसर : उपलब्ध सामग्री आणि तिचे वेळापत्रक

या तिन्ही उदाहरणांच्या प्रकाशात आपल्या परिसराकडे पाहिले असता सामग्रीची उणीव दिसत नाही. धर्माबादची लाल मिरचीची बाजारपेठ प्रसिद्ध आहे. पलीकडे तेलंगणातील बासर आणि अलीकडे मराठी मुलूख, मध्ये रेल्वेमार्ग आणि गोदावरी. मराठी, तेलुगू, उर्दू-दखनी यांची ये-जा एकाच दुकानाच्या पायरीवर चालते. 'मिले सुर'ने जे दोन शॉटमध्ये विभागले ते येथे एकाच शॉटमध्ये, एका हमालाच्या किंवा एका आजीच्या तोंडी ऐकू येऊ शकते. धर्माबादच्या विद्यार्थ्याने मोठ्या शहराची नक्कल करण्यापेक्षा ही एक चौकट साधली, तर त्याने एका गाजलेल्या कृतीला समीक्षात्मक उत्तर दिले असे म्हणता येईल.

नियोजन काटेकोर असावे लागते याचे बोलके उदाहरण म्हणजे बाभळीचा बंधारा. भरलेली गोदावरी दाखवावयाची तर केव्हा जावे? सर्वोच्च न्यायालयाच्या २८ फेब्रुवारी २०१३ च्या निकालानुसार बंधाऱ्याची दारे १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात उघडी ठेवावयाची असतात आणि १ मार्च रोजी ०.६ टीएमसी पाणी खाली सोडावयाचे असते. म्हणजे अडविलेले संथ पाणी चौकटीत हवे असेल, तर चित्रणाचा काळ साधारणतः नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच उरतो. येथील पाण्याचे वेळापत्रक केवळ निसर्गाने नव्हे, दोन राज्यांच्या वादाने ठरविले आहे. हे ज्या विद्यार्थ्याला ठाऊक आहे त्याच्या शॉटमध्ये पाणी केवळ सुंदर राहणार नाही. ज्याला ठाऊक नाही तो जुलैत जाईल आणि चुकीचे पाणी घेऊन परतेल.

हक्क आणि संमती

गाण्याची निवड करताना प्रताधिकाराचा विचार आरंभीच व्हावा. प्रताधिकार अधिनियम १९५७ नुसार शब्द आणि संगीतरचना यांवरील हक्क निर्मात्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे, तर ध्वनिमुद्रिकेवरील हक्क प्रकाशनापासून साठ वर्षे राहतो. गंगाखेडच्या जनाबाईंचा किंवा नरसीच्या नामदेवांचा अभंग सर्वांचा आहे. पण त्याची अलीकडची चाल आणि नामवंत गायकाची ध्वनिमुद्रिका सर्वांची नव्हे. २००४ मध्ये निवर्तलेल्या वामनदादा कर्डक यांची गीते २०६४ च्या अखेरपर्यंत संरक्षित आहेत. विद्यार्थी, शिक्षक आणि पालक यांच्यापुरत्या सादरीकरणास कलम ५२ मध्ये सवलत आहे. मात्र तेच इंटरनेटवर चढविले की ती सवलत गृहीत धरता येत नाही. म्हणून संतरचना किंवा स्वतःचे शब्द, विद्यार्थ्यांनीच बांधलेली चाल आणि महाविद्यालयातच केलेले मुद्रण हा सर्वांत निर्धोक, आणि शैक्षणिकदृष्ट्याही सर्वांत फलदायी मार्ग होय.

संमतीचा प्रश्न याहून नाजूक आहे. मिरचीचे देठ खुडणारी स्त्री ही 'रंगीत पार्श्वभूमी' नव्हे. तिला गाणे ऐकवून, हेतू सांगून तिचा होकार घेणे हा नियोजनाचाच टप्पा होय. तसेच, आपला चेहरा इंटरनेटवर जाऊ नये असे वाटणाऱ्या विद्यार्थिनी प्रत्येक वर्गात असतात. त्यांना प्रकल्पातून वगळण्याऐवजी आखणीच अशी करावी की चेहरा अनिवार्य राहणार नाही. हात, पाठमोरी आकृती, सावली आणि आवाज यांवर संपूर्ण गीत उभे राहू शकते. मर्यादेतून शोधलेली अशी शैली उसन्या झगमगाटापेक्षा कितीतरी मोलाची ठरते.

मूल्यमापन

अंतिम चित्रफीत पाहून गुण देण्याची पद्धत अन्यायकारक आहे. कारण ती बहुतांशी मोबाईलच्या किमतीला गुण देते. चित्रणापूर्वी प्रत्येक गटाकडून एक पानाचे अर्थनिवेदन घ्यावे. हेच गाणे का. चित्र त्यात कोणती भर घालणार. आवाज कोणाचा व चेहरा कोणाचा. हे स्थळ व हा काळ का. कोणाची संमती घेतली, या पाच प्रश्नांची उत्तरे त्यात असावीत. त्यानंतर ध्वनिमुद्रण अंतिम करून धृपद, अंतरे आणि वाद्यखंड यांचा सेकंदवार तक्ता, त्याला जोडलेले शॉट डिव्हिजन आणि मग दिवस व खर्च, असा क्रम राहावा. ध्वनी अंतिम होण्यापूर्वी केलेले चित्रण संकलनात जुळत नाही, हा व्यवहारही या क्रमाने सांभाळला जातो. निम्म्याहून अधिक गुण या कागदपत्रांना आणि त्यांवरील तोंडी चर्चेला असावेत.

निष्कर्ष

१. गीत-चित्रफितीचे नियोजन ही गाण्याची समीक्षाच होय; शब्दांत नसलेले काय दाखवावयाचे, हा तिचा पहिला निर्णय.

२. 'झिंगाट'च्या दोन चित्रणांवरून स्थळ हा अर्थाचा घटक असल्याचे दिसते. 'मिले सुर'च्या दोन आवृत्त्यांवरून वगळण्याचे महत्त्व दिसते.

३. आवाज व चेहरा यांची सांगड, श्रेय आणि संमती हे प्रश्न आरंभी सोडवावेत. ते चित्रणानंतर सुटत नाहीत.

४. सीमाभागातील बहुभाषिकता ही अडचण नसून मोठ्या कृतींनाही न साधलेली सामग्री आहे. ती पाहण्याची दृष्टी विद्यार्थ्याला देणे ही अध्यापकाची जबाबदारी होय, आणि ती कॅमेरा सुरू होण्यापूर्वीच पार पाडावी लागते.