पेटीवाल्याचा विनोद

विनोदी माणसाने आणखी काही केलेले आपल्याला फारसे रुचत नाही. त्याने हसवावे, आपण हसावे आणि मग चकलीकडे वळावे, असाच आपला शिरस्ता. जपानात फ्रँकी साकाई नावाचा एक नट होऊन गेला. तो मूळचा जॅझ वाद्यवृंदातला ड्रमवादक. १९५७ सालच्या ‘बाकुमात्सु ताइयोदेन’ या चित्रपटातली त्याची विनोदी भूमिका आजही नावाजली जाते. ज्याच्या हातांत ताल मुरला आहे, त्याला कोठे थांबावे हे शिकवावे लागत नाही. आणि विनोदात निम्मे यश थांबण्यातच असते.

आपल्याकडे या जातीचा कलावंत शोधू गेले, तर पु. ल. देशपांडे (१९१९–२०००) यांच्या दारातच पावले थबकतात. १९५३ च्या ‘गुळाचा गणपती’त लेखन, संगीत, दिग्दर्शन आणि नायकाची भूमिका, सारे त्यांचेच. त्यातला ‘इंद्रायणी काठी’ हा गदिमांचा अभंग भीमसेन जोशींच्या स्वरात घरोघरी पोहोचला. त्याच वर्षीच्या ‘देवबाप्पा’तले ‘नाच रे मोरा’ तर आजची बालवाडीही गाते. आणि एवढे करून या गृहस्थांनी चित्रपटाकडे जवळजवळ पाठच फिरवली!

यावर एक आक्षेप ठरलेला आहे : पुलंनी विहिरी पुष्कळ खणल्या, पण पाताळापर्यंत एकही नेली नाही. मला तो पटत नाही. पेटी मिटली नव्हती. ती गद्यात वाजू लागली होती. ‘बटाट्याची चाळ’ ते एकटे रंगभूमीवर उभी करीत. प्रत्येक बिऱ्हाडाला निराळी पट्टी दिल्यावाचून हे साधते का? रावसाहेबांच्या मराठीतला कानडी हेल शब्दांआधी कानाला भेटतो. ‘नारायण’ मधली लग्नाची धांदल द्रुत लयीत धावते आणि शेवटी अशी अलगद उतरते, की हसता हसता आपण गप्प होतो. शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून त्यांनी ‘ती फुलराणी’ (१९७५) लिहिले, हाही योगायोग नव्हे. ते नाटकच मुळी उच्चारांचे, म्हणजे कानाचे आहे.

तरीही भिवंडीत बसून पुलं वाचताना एक गोष्ट खुपते. यंत्रमागांच्या खडखडाटात झोपणाऱ्या आणि त्यातच जागे होणाऱ्या या गावात माग चालवायला कोणी तेलंगणातून आला, कोणी उत्तर प्रदेशातून. पुलंच्या चाळीत कारकुनाला खोली मिळाली, मास्तरांना मिळाली. या मागवाल्याला मिळाली नाही. जे जग भोवती होते तेच त्यांच्या कानाने टिपले, हे खरे. पण त्या जगाच्या सरत्या दिवसांची हळहळ ते कधी कधी गरजेपेक्षा जास्त मात्रा धरून ठेवतात, हेही खरेच. मोठ्या कलावंताची मर्यादा सांगितल्याने तो लहान होत नाही.

वाचकहो, पुलंची नक्कल करणारे आज गल्लोगल्ली आहेत. ते त्यांची वाक्ये उचलतात. कान उचलीत नाहीत. वारसा मात्र कानाचाच आहे. आगरी, दखनी, तेलुगू, भोजपुरी अशा चार बोली आमच्या एकाच नाक्यावर चहा पितात. त्यांचे हेल मनापासून ऐकणारा कोणी निघाला, तर मराठी विनोदाला नवे बिऱ्हाड मिळेल. आणि तो पुलंसारखा मुळीच लिहिणार नाही, हीच त्यांच्या वारसाची खूण असेल.