‘नवा उद्योग’ कुणाचा?

शासकीय योजनेचा कागदही साहित्यकृतीसारखा वाचावा. त्यालाही एक नायक असतो. ५ एप्रिल २०१६ रोजी सुरू झालेल्या आणि २०२५ पर्यंत चाललेल्या ‘स्टँड-अप इंडिया’चा नायक दलित, आदिवासी किंवा स्त्री. कर्ज १० लाख ते १ कोटी. प्रत्येक बँकशाखेने असा किमान एक दलित वा आदिवासी आणि एक स्त्री उभी करायची. वाचून ऊर भरून येतो!

पण अट अशी, की उद्योग आयुष्यातला पहिलाच हवा. उल्हासनगरात जीन्स शिवणारा, अंबरनाथच्या एमआयडीसीत लेथवर राबणारा आमचा माणूस मजूर असेतोवर पात्र. त्याने उसनवारीने दोन मशिनी मांडल्या, की तो ‘नवा’ राहत नाही.

त्याहून बोलके वाक्य पुढे आहे. तारण घ्यायचे की शासनाची पतहमी, हे बँकेने ठरवायचे. म्हणजे घोषणा दिल्लीची आणि निकाल बदलापूरच्या एखाद्या शाखेतल्या टेबलाचा. ज्याची खोलीच भाड्याची, तो तारण कशाचे देणार?

त्याच वर्षी ३० डिसेंबरला पैसे पाठवण्याच्या अ‍ॅपला ‘भीम’ नाव मिळाले. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणाऱ्या बाबासाहेबांचे नाव मोबाईलमध्ये आले. माझ्या वर्गातली मुले मोबाईलवरून सराईतपणे पैसे पाठवतात. त्यांचे बाप कर्ज मागायला जातात, तेव्हा पहिला प्रश्न असतो, जामीन कोण?