मालिकेतल्या घराचं भाडं कोण भरतं?

जूनमध्ये आमचा अकरा महिन्यांचा करार संपला आणि घरमालकांनी भाडं तीन हजारांनी वाढवलं. कर्वेनगरातला टू बीएचके, तीन पोरं, एक गीझर. त्याच आठवड्यात फ्लॅटमेटने टीव्हीवर ‘दिल दोस्ती दुनियादारी’ पहिल्या भागापासून लावली. २०१५ मध्ये ती झी मराठीवर सुरू झाली तेव्हा मी इंजिनिअरिंगला होतो. होस्टेलवर एकाच लॅपटॉपसमोर सात-आठ जण कोंबून ती पाहायचो. तेव्हा सगळ्यांना कैवल्य व्हायचं होतं, गिटारवाला. या वेळी माझं लक्ष सुजयवरून हलेना. घर त्याचं, आणि बाकीच्यांच्या मागे भाड्यासाठी लागायचं कामही त्याचंच. दहा वर्षांपूर्वी तो मला किरकिऱ्या वाटला होता. आता वाटलं, या सहा जणांत महिन्याची एक तारीख लक्षात ठेवणारा हा एकटाच माणूस आहे.

तिथून एक खोड लागली. गेल्या काही महिन्यांत जुन्या-नव्या पाच-सहा मालिका पाहिल्या. काही पूर्ण पाहिल्या, काही दीडपट वेगाने, आणि एक मालिका तर अशी की मधले शेकडो भाग सरळ सोडून दिले. प्रत्येक वेळी मनात एकच प्रश्न. हे लोक ज्या घरात राहतात, त्याचे पैसे कोण देतंय?

प्रश्न क्षुद्र वाटेल. पण मराठी मालिका हा प्रकार घरावरच उभा आहे. ‘होणार सून मी ह्या घरची’च्या नावातच घर आहे. ‘चार दिवस सासूचे’चे तीन हजारांहून जास्त भाग झाले, तेही घरातली किल्ली कोणाच्या कमरेला यावरच. याचं एक साधं कारण निर्मितीत आहे. रोज एक भाग द्यायचा तर एका उभ्या सेटवर जास्तीत जास्त प्रसंग उरकावे लागतात. रस्त्यावर, लोकलमध्ये, ऑफिसात शूटिंग करायला वेळही जातो आणि पैसाही. म्हणून ठाण्याच्या घोडबंदर रोडवरचा बंगला किंवा स्टुडिओतला हॉल. आणि तो हॉल मोठाच लागतो, कारण एकाने काही बोललं की बाकी आठ जणांचे चेहरे ओळीने दाखवायचे असतात. आठ माणसं, कॅमेरा, लाइट, ट्रॉली, सगळं बसायला हवं. त्यामुळे मालिकेतल्या ‘साध्या मध्यमवर्गीय’ कुटुंबाचा हॉल आमच्या अख्ख्या फ्लॅटपेक्षा मोठा निघतो. त्यात लबाडी नाही, कॅमेऱ्याची गरज आहे. प्रश्न पुढे येतो. लेखक त्या हॉलला साजेसं उत्पन्न कुठून आणतो? बहुतेक वेळा तो ‘बिझनेस’ आणतो. कसला, ते विचारायचं नाही.

‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ पाहताना हा प्रश्न पडत नाही. २००१ साली अल्फा मराठीवर सुरू झालेली, आठवड्यातून एकदा येणारी ही मालिका दिलीप प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’वर बेतलेली होती. दिग्दर्शन केदार शिंदेंचं. निवृत्त आबा, नोकरी करणारा शेखर, घर सांभाळणारी श्यामल, शलाका आणि शिऱ्या. मूळ पुस्तकात हे पाचही जण आपापली डायरी लिहितात. लहानपणी मला ती नुसती गमतीची युक्ती वाटायची. आता वाटतं, पाच माणसांच्या फ्लॅटमध्ये डायरी हीच प्रत्येकाची स्वतंत्र खोली आहे. दार लावून घ्यायची सोय नाही, म्हणून वही लावून घ्यायची. आणि विनोद येतो तो याच दाटीतून. एकाचं गुपित दुसऱ्याच्या कानावर पडतं, कारण कान दोन फुटांवर आहे. मालिकेत खलनायक नाही, कारण तो झोपणार कुठे?

टिपरेंना मी डोक्यावर घेतोय, पण एक खटकलं ते सांगतो. श्यामलचं काम दिसत राहतं. ती स्वयंपाकघरातून बाहेर येते, परत आत जाते. शुभांगी गोखले ते इतक्या सहज करतात की त्या कामाबद्दल कोणी काही बोलत नाही हे लक्षातच येत नाही. मालिकेलाही ते फारसं बोलायचं नव्हतं. चौदा वर्षांनी त्यांचीच मुलगी सखी गोखले ‘दिल दोस्ती’त रेश्मा झाली. लग्न करून मुंबईत आली आणि नवऱ्याचं दुसरीकडे जमलेलं आहे हे कळल्यावर अनोळखी पोरांच्या फ्लॅटमध्ये राहिली. आईचं पात्र घराबाहेर पडत नाही, लेकीच्या पात्राला घरच राहत नाही. हा योगायोगच आहे, तरी मला तो दोन दशकांचा गोषवारा वाटतो.

‘अग्निहोत्र’ मी पहिल्यांदाच पाहिली. २००८ मध्ये स्टार प्रवाह सुरू झालं तेव्हाची, सतीश राजवाडे दिग्दर्शित. नाशिकचा वाडा, विखुरलेलं कुटुंब, आठ गणपती, आणि त्या सगळ्याचा माग काढणारा तरुण नील. विक्रम गोखले, मोहन जोशी, मोहन आगाशे, विनय आपटे एकाच मालिकेत, आणि कोणीही ओरडत नाही. रहस्य चांगलं विणलंय. शेवटाकडे थोडी दमते, पण तिला शेवट आहे हेच खूप. वाड्याबद्दल मात्र मालिका भाबडी आहे. तिला वाडा म्हणजे मूळ, संस्कार, परंपरा वाटते. माझ्या ओळखीत वाडा म्हणजे तेरा वारसदार, दोन भाडेकरू, एक बिल्डर आणि वडिलोपार्जित हिश्शासाठी कोर्टात गेलेल्या दोन आत्या. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला, देशभर तो २००५ मध्ये आला. मालिकांतल्या वाड्यांपर्यंत ही बातमी पोचायला अजून वेळ आहे.

(सतीश राजवाडेंचीच ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ मध्येच चाळली. घना आणि राधा ठरवून, पुढे वेगळं व्हायच्या अटीवर लग्न करतात. लिव्ह अँड लायसन्सवर उभी असलेली माझ्या पाहण्यातली ही एकमेव प्रेमकथा. ‘मानवत मर्डर्स’ही पाहिली, चांगली आहे, पण तिचा विषय वेगळा.)

मालमत्तेचा विषय निघालाच आहे तर डेली सोपमधल्या ‘सही’बद्दल बोलू. हा प्रकार तुम्ही शंभरदा पाहिला असेल. खलनायिका एका फाइलमध्ये कागद सरकवते, भोळी सासू किंवा सून न वाचता सही करते, आणि दुसऱ्या दिवशी बंगला खलनायिकेच्या नावावर. नोंदणी कार्यालयात एकदा जाऊन आलेला कोणीही यावर हसेल. खरेदीखत असो वा बक्षीसपत्र, मुद्रांक शुल्क भरायचं, दुय्यम निबंधकासमोर स्वतः हजर व्हायचं, वेबकॅमसमोर फोटो द्यायचा, अंगठा उमटवायचा, वर ओळख पटवायला दोन माणसं न्यायची. त्यात सर्व्हर डाउन असतो. कपटाने घर बळकवायला निघालेली बाई तिसऱ्या टोकनला कंटाळून घरी जाईल.

पण हसून झाल्यावर जाणवतं की ही सही इतकी वर्षं चालते ती उगाच नाही. घराचे कागद आपण कधी पाहिलेच नाहीत, ही भावना खरी आहे. पाहणाऱ्या बऱ्याच बायकांनी आयुष्यात ‘इथे सही कर’ एवढंच ऐकलंय. मालिकेची कायद्याची माहिती चूक आहे, भीती बरोबर आहे.

म्हणूनच मला ‘आई कुठे काय करते’वर जास्त बोलायचंय. डिसेंबर २०१९ ते नोव्हेंबर २०२४, पाच वर्षं. स्टार जलशावरच्या ‘श्रीमोयी’ या बंगाली मालिकेचा हा मराठी अवतार. हिंदीत तीच गोष्ट ‘अनुपमा’ झाली. लॉकडाउनमध्ये मी साताऱ्याला घरून काम करत होतो. शेजारच्या खोलीत आई ही मालिका लावायची आणि मी हेडफोनचा आवाज वाढवायचो. तेव्हा तिच्याबद्दलचं माझं मत एका शब्दात संपायचं. या उन्हाळ्यात निवडक भाग नीट बसून पाहिले आणि ते मत अर्धं मागे घेतलं.

पहिलं वर्षभर ही मालिका फार चांगली आहे. मधुराणी प्रभुलकरांची अरुंधती रडते कमी, थांबते जास्त. कोणी टोचून बोललं की उत्तर द्यायच्या आधी तिचा हात काहीतरी उचलतो, कप, नॅपकिन, जे असेल ते. आयुष्यभर भांडण टाळून काम हातात घेतलेल्या बाईची ही लकब आहे. ती मी घरी रोज पाहिली होती आणि मला ती दिसली टीव्हीवर. अनिरुद्धची भानगड उघड होते, घटस्फोट होतो. साधारण मालिका इथे सवतीच्या कारस्थानांकडे वळेल. ही वळतेच, पण त्याआधी एक अवघड प्रश्न विचारते. पंचवीस वर्षं ज्या घरात ही बाई राबली, ते घर तिचं आहे का? ‘समृद्धी’ नावाचा तो बंगला, त्यात कोणाचा किती हक्क, यावर मालिका कितीतरी भाग घालवते. पुढे अरुंधती ते घर सोडून भाड्याच्या जागेत राहायला जाते. स्वतःच्या कमाईतून जागा भाड्याने घेणारी पन्नाशीकडची आई मी मराठी डेली सोपमध्ये आधी पाहिली नव्हती. ते भाग अजूनही कोणालाही दाखवावेत असे आहेत.

मग मालिका घाबरली. टीआरपीला घाबरली की वाहिनीला, मला ठाऊक नाही. भाड्याच्या घरात नऊ जण रांगेत उभे राहू शकत नाहीत, हे एक कारण असावं. काही ना काही निमित्ताने अरुंधती पुन्हा पुन्हा ‘समृद्धी’च्या हॉलमध्ये येत राहिली. आशुतोषशी दुसरं लग्न झालं, पुढे त्याचा मृत्यू झाला, आणि कथा त्याच दारात परतली. पाच वर्षांत तिला आत्मसन्मान, गाणं, प्रेम, भाषणं असं पुष्कळ मिळालं. पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मालिकेने भावनेत दिलं. घर विटांनी बनत नाही, माणसांनी बनतं, हा धडा ज्याच्या नावावर विटा असतात त्याला फार आवडतो. माझी तक्रार संथपणाची किंवा रडारडीची नाही. इतका अचूक प्रश्न हातात असताना ती कागदावरून हृदयावर सरकली, ही माझी तक्रार आहे.

याच्या उलट टोकाला ‘आणि काय हवं’. वरुण नार्वेकरची, २०१९ ची, प्रिया बापट आणि उमेश कामत. जुई आणि साकेत, त्यांचं पहिलं घर, पहिली गाडी, असे छोटे छोटे भाग. दोघांच्या बोलण्यात खरा नवरा-बायकोपणा आहे, ते खऱ्या आयुष्यातही नवरा-बायको आहेत एवढ्याने तो येत नाही, लिहावा लागतो. मला ती आवडली. पण तिच्यात पैसा गोड आहे. घर घेणं हा आनंदाचा क्षण आहे, वीस वर्षांचा ईएमआय नाही. माझ्या पिढीसाठी काढलेल्या मालिकेतही आमचा सगळ्यात मोठा आकडा कोणी मोठ्याने उच्चारत नाही. ‘दिल दोस्ती’त निदान भाड्यावरून भांडण व्हायचं.

हे सगळं आत्ताच का सुचतंय, तर आम्ही धायरीत वन बीएचके बघितलाय. ५८ लाख. पुण्यात मुद्रांक शुल्क सात टक्के, पण घर फक्त बाईच्या नावावर असेल तर २०२१ पासून एक टक्का सूट आहे. म्हणजे ५८ हजार. मी एक्सेल शीट केली. आईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर हे पैसे वाचतात, पण हप्ते मी भरणार आणि मालक नसल्याने त्यावरची करसवलत मला मिळणार नाही. वीस वर्षांचा हिशेब केला तर तोटा दिसतो. बाबा म्हणाले, “दोघांच्या नावावर करा, सरळ आहे.” आई नेहमीसारखी गप्प राहील असं वाटलं होतं. ती फोनवर म्हणाली, “माझ्या एकटीच्या कर.” मग जरा थांबून, “तोटा किती होतोय?”

मी आकडा सांगितला. ती म्हणाली, “बरं, मग बघ तू.”

मी शीट बंद केली आणि एजंटला आईचं आधार कार्ड पाठवलं.

परवा तिने तारीख विचारायला फोन केला. अंगठा, फोटो, दोन ओळखदार, सगळं सांगितलं. “मालिकेत तर नुसती सही असते,” ती म्हणाली. मग विचारलं, फोटो रंगीत असतो का आणि कुठली साडी नेसू. तिथल्या वेबकॅममध्ये सगळेच फरार आरोपी दिसतात, हे मी तिला सांगितलं नाही. हिरवी नेस म्हटलं.