सरासरीत न सापडणारा रुग्ण

जळगावहून अजिंठ्याकडे निघाले की सुमारे ४० किलोमीटरवर, वाघूर नदीच्या काठी पहूर लागते. पेठ आणि कसबे अशा दोन ग्रामपंचायतींचे, जामनेर तालुक्यातले हे गाव. भोवती काळी जमीन आणि कापूस. माझे लहानपण याच भागात गेले. वेचणीच्या दिवसांत एकदा संध्याकाळी शेजारच्या काकूंना शेतात साप चावला. बैलगाडीतून त्यांना रस्त्यापर्यंत आणले, मग हात दाखवून एक ट्रक थांबवला. जळगाव येण्यापूर्वीच त्या गेल्या. चावल्यापासून रस्त्यापर्यंत किती वेळ गेला आणि ट्रकची वाट पाहण्यात किती, हे कोणीही मोजले नाही.

पुढे संशोधनात पडल्यावर मोजमाप हाच माझा व्यवसाय झाला. त्यामुळे राष्ट्रीय आरोग्य धोरण वाचताना माझा पहिला प्रश्न असतो, यात काय मोजले आहे आणि काय मोजायचे राहिले आहे?

आधी सर्पदंशाचे विज्ञान थोडक्यात पाहू. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर आपल्याकडे एकच प्रतिविष वापरतात. ते रक्तात फिरणाऱ्या विषाला निष्प्रभ करते. परंतु विषाने मूत्रपिंडाला जी इजा आधीच केली आहे, ती भरून काढणे त्याच्या हातात नसते. म्हणून औषध कोणते याइतकेच ते केव्हा मिळाले याला महत्त्व आहे. २००० ते २०१९ या काळात भारतात दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसे सर्पदंशाने मृत्युमुखी पडली, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यांतली बहुतेक खेड्यांतली. औषध आपल्याच देशात तयार होते, आणि तरीही हे घडते. मग अडते कुठे?

आता धोरणांकडे वळू. सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ साली अहवाल दिला. पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचाराविना राहू नये, हे त्याचे मूळ सूत्र होते. १० ते २० हजार लोकांमागे ७५ खाटांचे रुग्णालय, असे दूरचे उद्दिष्टही त्यात होते. आजचा निकष काय? साध्या भागात ३० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि १ लाख २० हजार लोकांमागे ३० खाटांचे रुग्णालय. भागाकार करून पाहा. भोर समितीचा हिशेब २० हजारांवर धरला तरी हजारी पावणेचार खाटा येतात. ग्रामीण रुग्णालयाच्या निकषाने हजारी पाव खाट येते. म्हणजे पंधरा पटींचा फरक. १९४६ चे स्वप्न कदाचित मोठे असेल, पण ते इतके लहान कसे झाले याचा खुलासा पुढच्या धोरणांत सापडत नाही.

‘सन २००० पर्यंत सर्वांसाठी आरोग्य’ ही घोषणा १९७८ च्या आल्मा-आता परिषदेनंतर रूढ झाली, आणि १९८३ मध्ये आपले पहिले राष्ट्रीय आरोग्य धोरण आले. २००० पर्यंत बालमृत्युदर हजारी ६० च्या खाली आणू, असे त्यात म्हटले होते. प्रत्यक्षात त्या वर्षी तो ६८ होता. २००२ च्या धोरणाने सांगितले, सरकारचा आरोग्यावरील खर्च २०१० पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या २ टक्के होईल. २०१७ च्या धोरणाने सांगितले, २०२५ पर्यंत अडीच टक्के होईल. कोरोनाच्या काळातल्या २०२१-२२ या वर्षीसुद्धा तो १.८४ टक्केच होता.

याचा अर्थ काहीच झाले नाही असा नव्हे. १९७१ मध्ये देशाचा बालमृत्युदर हजारी १२९ होता, २०२० मध्ये तो २८ झाला. महाराष्ट्रात तर १६. पोलिओ गेला. पहूरला आज ग्रामीण रुग्णालय आहे आणि जळगावला २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. माझी टीका वेगळ्या गोष्टीवर आहे. ही सगळी प्रगती आपण सरासरीने मोजतो, आणि सरासरीत सर्वांत दूरचा माणूस दिसत नाही.

कुष्ठरोगाचे उदाहरण घ्या. डिसेंबर २००५ मध्ये देशातील रुग्णांचे प्रमाण दर दहा हजारांमागे एकाहून कमी झाले आणि ‘राष्ट्रीय पातळीवर दूरीकरण’ झाल्याचे जाहीर झाले. २००२ च्या धोरणातले उद्दिष्ट साधले. मग २०१७ च्या धोरणात तेच उद्दिष्ट २०१८ साठी पुन्हा का आले? कारण अनेक जिल्ह्यांत रोग शिल्लकच होता. देशाचा आकडा खरा होता, पण त्या जिल्ह्यांतल्या रुग्णाला त्याचा उपयोग नव्हता.

दुसरे उदाहरण वहीत करून पाहता येईल. २०११ च्या जनगणनेनुसार जळगाव जिल्ह्यात दर चौरस किलोमीटरला सुमारे ३६० माणसे राहतात. ३० हजार लोकांना एक केंद्र, म्हणजे सुमारे ८३ चौरस किलोमीटरला एक. हे क्षेत्र वर्तुळाकार मानले तर त्रिज्या सुमारे ५ किलोमीटर येते. शहरे वगळली तर ती आणखी वाढेल. आता गडचिरोली घ्या. तेथे घनता ७४ आहे. आदिवासी आणि डोंगराळ भाग म्हणून निकष सैल करून २० हजार केला आहे. तरीही एका केंद्राच्या वाट्याला २७० चौरस किलोमीटर येतात आणि त्रिज्या ९ किलोमीटरांहून जास्त होते. जळगावइतकीच त्रिज्या हवी असेल, तर तिथे सुमारे ६ हजार लोकांमागे एक केंद्र लागेल. सवलत दिल्यासारखी दिसते, पण अंतर जवळजवळ दुप्पटच राहते. सरकारी अहवालांतही अशी सरासरी त्रिज्या छापतात. परंतु वर्तुळात नाले नसतात, पूर नसतो आणि शेवटची एसटी गेलेली नसते.

धोरण लिहिणाऱ्यांना हे कळत नाही असे नाही. २०१७ च्या धोरणात हजारी दोन खाटांचे उद्दिष्ट आहे, आणि त्या तातडीच्या पहिल्या तासात पोचता येतील अशा पसरलेल्या असाव्यात, असेही म्हटले आहे. पोचण्यास लागणाऱ्या वेळेचा निकष पाळून केंद्रे उभारण्याचे उद्दिष्टही आहे. मात्र ते अग्रक्रमाच्या जिल्ह्यांपुरते. तास हा शब्द धोरणात आला, पण त्या तासात किती टक्के लोक पोचतात, ते सांगणारा आकडा नाही.

मग विमा योजनांचे काय? महाराष्ट्रात २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत जीवनदायी योजना सुरू झाली. त्यांत आपला धुळे जिल्हा होता. पुढे तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. २०१८ मध्ये केंद्राची पाच लाखांची योजना आली. मोठ्या शस्त्रक्रियेच्या वेळी अनेक कुटुंबांना तिने कर्जापासून वाचवले असेल. लोकांच्या खिशातून होणारा खर्च २०१३-१४ मध्ये एकूण आरोग्यखर्चाच्या ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला, हेही मान्य. पण या योजनांचा भर दाखल होऊन घ्यायच्या उपचारांवर आहे. मधुमेहाच्या गोळ्या महिनोन्‌महिने घ्याव्या लागतात, त्या कार्डात बसत नाहीत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. तरी गोळ्या शिल्लक नसल्या की हाती बाहेरची चिठ्ठी येते. आणि सर्पदंश झालेल्याला कार्ड काय करणार? त्याला जवळ दवाखाना हवा, तिथे प्रतिविष हवे, आणि ते देण्याचे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर त्या रात्री हजर हवा. यांतले एक जरी नसेल, तर बाकीची दोन असून नसल्यासारखी.

आणखी एक बदल लक्षात ठेवण्याजोगा आहे. २०१५ च्या मसुद्यात आरोग्य हा कायद्याने हक्क करावा, असा प्रस्ताव होता. २०१७ च्या अंतिम धोरणात तो गाळून टप्प्याटप्प्याने हमी देण्याची भाषा आली. हक्क नाकारला गेला तर न्यायालयात जाता येते. धोरणातली हमी पुढे ढकलली गेली, तर पुढच्या धोरणाची वाट पाहावी लागते.

अंतर कमी करण्याचा एकच मार्ग इमारती बांधणे हा नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत स्थानिक स्त्रियांना नवजात बाळांच्या उपचारांचे प्रशिक्षण दिले. तुलनेसाठी दुसरी ४७ गावे घेतली होती. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आला, नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. इथे उपचारच घरी पोचला. पुढे आशा कार्यकर्तींच्या कामात ही पद्धत देशभर आली. आधी नीट मोजले, म्हणून हे पटवून देता आले.

शिक्षकांना एक उपक्रम सुचवतो. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना गावाचा नकाशा द्या. वस्त्या, मळे, शाळा यांपासून जवळच्या दवाखान्यापर्यंत पोचायला लागणारी मिनिटे लिहायला सांगा. एकदा दिवसाची, एकदा रात्रीची आणि एकदा पावसाळ्यातली. सारख्या मिनिटांची ठिकाणे रेषेने जोडा. गोल वर्तुळ येणार नाही, वेडावाकडा आकार येईल. मग सरासरी काढा, आणि सर्वांत दूरच्या दहा घरांचा वेळ तिच्या शेजारी लिहा. भूगोल आणि गणित दोन्ही होतील. तो नकाशा ग्रामसभेत जरूर लावा.

पुढच्या राष्ट्रीय धोरणाकडून माझी अपेक्षा एवढीच आहे. देशाच्या सरासरीशेजारी प्रत्येक जिल्ह्यातील सर्वांत दूरच्या दहा टक्के लोकांचा आकडा दरवर्षी छापावा. काकूंचे शेत त्या दहा टक्क्यांत होते.