कुलवृत्तांतातले मौन आणि गोडसे भटजींचे कर्ज

आपल्या ग्वाल्हेर-माळव्याकडच्या जुन्या मराठी घरांत कापडी बांधणीचा एखादा कुलवृत्तांत बहुधा असतोच. गोत्र, कुलदैवत, मूळ गाव, मूळपुरुष आणि मग पानोपानी पसरत गेलेली वंशावळ, हा त्याचा ठरलेला आराखडा. ज्या मंडळींनी पदरमोड करून, गावोगावी पत्रे धाडून ही नावे जमविली त्यांचे श्रम थोर आहेत. त्यांच्यामुळेच चुलत्या-मावळत्यांची विखुरलेली घरे एकमेकांस ओळखतात. परंतु वाङ्मयप्रकार म्हणून या ग्रंथांकडे पाहू लागले की एक उणीव जाणवते. पूर्वजांनी घरदार सोडून शेकडो कोसांवरचा मुलूख का गाठला, या प्रश्नाला त्यात एका ओळीपलीकडे जागा नसते. ‘पेशवाईत उत्तरेस गेले’, ‘शिंद्यांच्या पदरी राहिले’ असे म्हटले की विषय संपतो. वाचणाऱ्यास वाटावे, जणू सारेच पूर्वज तलवार गाजवीत नर्मदा ओलांडून आले.

प्रस्तुत लेखकाची उमेदीची वर्षे महसूल खात्यात, जमिनीच्या कागदांत गेली. त्या अनुभवावरून एवढे सांगता येते की सनद ही देणाऱ्याच्या बाजूने लिहिलेली असते. कोणती सेवा घडली, किती बिघे जमीन दिली, हे तीत असते. घेणाऱ्याला घर का सोडावे लागले, हे विचारण्याचे सनदेला कारण नसते. कुलवृत्तांतकारांनी पुष्कळदा सनदांवरच भिस्त ठेवली, आणि सनदेचे मौन कुलवृत्तांतातही उतरले.

हे मौन मोडणारे एक पुस्तक मराठीत आहे. ते आपण सत्तावन सालच्या बंडाची हकीकत म्हणून वाचतो. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ एका स्थलांतराच्या इच्छेची कहाणी म्हणूनही वाचावा, असे सुचवावेसे वाटते. पेणजवळच्या वरसई गावचा हा भिक्षुक १८५७ साली काकांसह उत्तरेकडे निघाला, तो बंड पाहण्यास नव्हे. घरावर कर्ज होते. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असून त्यात दक्षिणा भरपूर मिळेल, असे त्याच्या कानी आले होते. भटजींनी हे कर्ज लपविले नाही की त्यावर धर्मकार्याची शाल पांघरली नाही. वाटेत जागोजागी दक्षिणी गृहस्थांचा आसरा, झाशीचा वेढा, मिळविले ते लुटले जाणे आणि अखेर गंगेची कावड घेऊन घरी परतणे, या साऱ्या कथनाला त्या आरंभीच्या कर्जाची पार्श्वभूमी आहे. म्हणूनच पैसा हातचा जातो तेव्हा वाचकाचाही जीव हळहळतो.

या पुस्तकाच्या छपाईची कथाही उद्बोधक आहे. चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून भटजींनी १८८३च्या सुमारास ही हकीकत लिहिली. पुढे ग्वाल्हेर संस्थानचे सरन्यायाधीश झालेल्या वैद्यांनी ती १९०७ साली, म्हणजे दोन तपांनी, प्रसिद्ध केली. मात्र भाषेवर संस्कार करून आणि काही मजकूर गाळून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम प्रत वाचकांच्या हाती आली ती १९६६ साली, दत्तो वामन पोतदारांच्या संपादनातून. परकीय सत्तेच्या काळात वैद्यांना सावधगिरी बाळगणे भाग होते, हे मान्य केले पाहिजे. आपल्या कुलवृत्तांतकारांवर कोणते सरकार डोळे वटारून बसले होते? तिथली काटछाट आपणच केली, अब्रूपायी.

हे लिहिण्यास निमित्त घरचेच आहे. आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची दुसरी आवृत्ती निघत असून ग्वाल्हेर शाखेचा मजकूर माझ्याकडे आला आहे. पहिल्या आवृत्तीत वाक्य आहे की आमचे मूळपुरुष महादजी शिंद्यांबरोबर लढत येऊन लष्करात वाडा बांधून राहिले. महादजी १७९४ साली वारले आणि लष्कर वसले ते दौलतरावांची छावणी १८१० साली येथे स्थिरावल्यावर. एवढा हिशेबही कोणी केला नव्हता. माडीवरच्या पेटीत मोडी कागदांचे एक बोचके होते, ते जाणकाराकडून वाचून घेतले. शकाचा आकडा वाळवीने खाल्ला आहे, पण मजकूर शाबूत आहे. कोकणातला आगर सावकाराकडे गहाण होता. मूळपुरुषांनी येथे कारकुनी करून दरसाल हुंडीने रक्कम धाडली, आणि अखेरच्या पत्रात धाकट्या भावास लिहिले की आता आगर मोकळा झाला, तो तुम्ही खावा. ते स्वतः परत गेले नाहीत.

आमच्या वडीलधाऱ्या चुलतभावांचे म्हणणे, हे छापू नये. सोयरीक जुळविताना लोक कुलवृत्तांत चाळतात. त्यांचा शब्द मी आजवर मोडलेला नाही. परंतु या पत्रातला माणूस मला त्या तलवारबहाद्दरापेक्षा अधिक जवळचा वाटतो. तलवारीचे वाक्य कोणत्याही घराण्याला चिकटविता येते. सोडविलेला आगर भावाला देऊन टाकणारा हा कारकून मात्र आमचाच आहे.

‘माझा प्रवास’ने सगळी उणीव भरून निघत नाही. ती एका लिहित्या-वाचत्या भिक्षुकाची कथा आहे. छावणीबरोबर शिलेदार आले तसे शिंपी, लोहार, गुरव, मोतद्दारही आले. त्यांचे कुलवृत्तांत कोणी छापले नाहीत. आणि छापलेल्यांत सुनांची ओळख बहुतेक माहेरच्या आडनावापुरतीच. कोकण सोडताना मूळपुरुषाच्या बायकोला काय वाटले असेल, याचा एक शब्द आमच्या बोचक्यातही नाही. शिवाय भटजी परत गेले, म्हणून त्यांची कथा पुरी झाली. आपले पूर्वज राहिले. त्यांच्या कथेचा उत्तरार्ध म्हणजे आपण, आणि तिचा पूर्वार्ध माडीवरच्या पेट्यांत आहे.

तेव्हा मंडळाच्या सभासदांस विनंती की दिवाळीच्या साफसफाईत जुने मोडी कागद रद्दीत घालण्यापूर्वी एकदा वाचून घ्यावेत. मोडी वाचणारे आपल्या गावात आता बोटांवर मोजण्याइतकेच उरले आहेत. मी माझा परिच्छेद पत्राच्या नकलेसह संपादकांकडे धाडला आहे. प्रथम चुलतभावांना वाचून दाखविला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढेच विचारले, ‘त्या आगरात आता काय आहे?’