मिश्र सदृशीकरण : मुंबईच्या प्लेगाची साक्ष

साथीच्या रोगांचे सदृशीकरण प्रामुख्याने दोन पद्धतींनी केले जाते. एकीत लोकसंख्येचे संसर्गक्षम, बाधित व रोगातून सुटलेले असे गट पाडून त्यांमधील स्थित्यंतरे समीकरणांनी मांडतात. दुसरीत प्रत्येक व्यक्तीचा संगणकावर स्वतंत्र मागोवा घेतात. या पद्धतींचा संयोग केला की दोहोंचे दोष आपोआप दूर होतात, ही समजूत मात्र तपासून पाहिली पाहिजे.

केर्मॅक व मॅकेंड्रिक यांनी १९२७ साली समीकरणांवरून काढलेला वक्र मुंबईतील १९०५-०६ च्या प्लेगमृत्यूंशी उत्तम जुळला. परंतु तो प्लेग मुख्यतः उंदरांवरील पिसवांमुळे माणसांत येत होता व ऋतुमानानुसार कमीअधिक होत होता. आपली गृहीतके तेथे काटेकोरपणे लागू पडत नाहीत, हे खुद्द लेखकांनीही मान्य केले होते. आकडे जुळले म्हणजे कारणमीमांसा सिद्ध झाली, असे नव्हे.

येथे संयोग इष्टच ठरेल : उंदरांसाठी समीकरणे, कुटुंबांसाठी व्यक्तिनिष्ठ गणना. तथापि पिसवा उंदरांकडून माणसांकडे किती प्रमाणात येतात, हा या दोहोंमधील सांधा होय. हे प्रमाण मृत्यूंच्या वक्रावरूनच ठरविल्यास जुना दोष नव्या रूपात परततो. कारण अज्ञात राशी वाढविल्या की बहुतेक कोणताही वक्र जुळविता येतो. त्याच काळात मुंबईतील प्लेग संशोधकांनी प्लेगग्रस्त घरांत गिनीपिग सोडून त्यांवरील पिसवा मोजल्या होत्या. सांध्याला आधार हवा तो अशा निरीक्षणांचा.

तात्पर्य, मिश्र प्रतिमानाचे मोल त्याच्या घटकांच्या संख्येवर नव्हे, तर सांध्याच्या स्वतंत्र पुराव्यावर ठरते.