हूल आणि नकाशा : ऐतिहासिक डावपेचांच्या संगणकीय खेळांतील कूटकर्म

ऐतिहासिक डावपेचांच्या संगणकीय खेळांत हेरगिरी नवीन नाही. ‘एम्पायर : टोटल वॉर’ (२००९) या खेळात १७०० सालच्या मराठी सत्तेची सूत्रे खेळणाऱ्याच्या हाती येतात, आणि शत्रूच्या नगरात शिरून नासधूस अथवा हत्या करणारे हस्तक त्याला पाठविता येतात. ‘युरोपा युनिव्हर्सॅलिस ४’ (२०१३) हा खेळ १४४४ च्या नोव्हेंबरात सुरू होतो. त्यात बहामनी राज्य चालविणारा खेळाडू शेजारी राज्यात हेरांचे जाळे विणतो, तेथील बंडखोरांना साहाय्य करतो, शेजाऱ्याच्या प्रांतावर खोटा हक्क निर्माण करतो. इतके सारे असूनही या खेळांत वंचना मात्र नाही, असे म्हणावे लागते. हे विधान प्रथमदर्शनी विपर्यस्त वाटेल. म्हणून त्याचे थोडे विवरण करणे अवश्य आहे.

कोठार जाळणे, सेनापती मारणे, विद्या चोरणे ही कर्मे गुप्त आहेत. पण ती वंचनेची नव्हेत. त्यांनी शत्रूचे काही तरी हरपते, त्याची समजूत बदलत नाही. वंचनेत याच्या उलट घडते. शत्रूचे द्रव्य, दुर्ग आणि सैन्य जागच्या जागी राहते, आणि तो आपल्याच हातांनी ते चुकीच्या दिशेने वळवितो. उपरोक्त खेळांत हेराचे यश शेकड्याच्या प्रमाणात दाखविले जाते, जणू कवड्यांचे दान पडावे. दान पडले तर कोठार जळते, न पडले तर हेर सापडतो. मध्यंतरी कोणाची काही समजूत झाली काय, हा प्रश्नच उद्भवत नाही.

खोट्या हक्काचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. खेळात तो हक्क एकदा निर्माण झाला की सर्वांच्या लेखी खराच ठरतो. ज्याच्या प्रांतावर तो सांगितला जातो, तोही त्यास बनावट म्हणत नाही. त्याला केवळ युद्धाची धास्ती वाटते. इतिहासात बनावट वस्तूची अशी बिनबोभाट प्रतिष्ठा क्वचितच होते. १७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, आणि पुढे भाऊसाहेब म्हणून एक माणूस पुढे आला. त्या तोतयाचे प्रकरण १७७६ साली त्याच्या देहान्त शासनानेच मिटले. मराठी भाषेत ‘तोतयाचे बंड’ हा शब्दप्रयोग रूढ झाला, न. चिं. केळकरांना त्यावर नाटक लिहावेसे वाटले, यावरून त्या प्रकरणाची पकड ध्यानात येते. परंतु अभ्यासकाला महत्त्वाचा वाटावा तो तोतया नव्हे, त्याला मानणारे लोक होत. रत्नागिरीचे सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे यांनी त्याचा पक्ष घेतला. कोकणातील किल्ले त्याच्या स्वाधीन झाले. या सर्वांची फसगत झाली होती काय? काहींची झाली असेल. पण नारायणरावाच्या खुनानंतरच्या त्या अस्थिर काळात, कारभाऱ्यांवर रुष्ट असलेल्या माणसाला भाऊसाहेब जिवंत असणे सोयीचे होते. त्याने विश्वास ठेवला की ठेवल्याचे दाखविले, हे त्याचे त्यालाही सांगता आले असते की नाही, याची शंका आहे. बनाव आणि सोय यांची ही सरमिसळ कोणत्याही शेकडेवारीत बसणारी नाही.

पन्हाळ्याचा प्रसंग सर्वांना परिचित आहे. त्यातील एकच अंग येथे प्रस्तुत आहे. १६६० च्या पावसाळ्यात सिद्दी जौहराचा वेढा सैल पडला, तो शरणागतीच्या बोलण्याने. परंपरेने सांगितली जाणारी शिवा काशिदाची पालखी त्यानंतरची. कित्येक महिने चिखलात बसलेल्या सैन्याला वेढा संपावा असे वाटत होते, म्हणून तो संपत आल्याची वार्ता खरी वाटली. हूल ही देणाऱ्याच्या कौशल्याइतकीच घेणाऱ्याच्या अपेक्षेवर उभी असते. संगणकाने चालविलेल्या प्रतिपक्षाला अपेक्षाच नसेल, तर त्याला हूल द्यायची कशी?

या प्रश्नाला हात घालणारा एक खेळ झाला, तो ‘रूज’ (२०१०). दुसऱ्या महायुद्धाच्या या खेळात खोटे आक्रमण, बनावट इमारती, बिनतारी संदेशांचे मौन, हलक्या दलांना जड भासविणे अशा युक्त्या खेळाडूच्या हाती दिल्या आहेत. शत्रूची न ओळखलेली दले नकाशावर केवळ सोंगट्यांच्या रूपाने दिसतात आणि त्या सोंगट्या खोट्या असू शकतात. नकाशालाच साक्षीदार करून त्याची साक्ष संशयास्पद ठरविणे, ही या खेळाची खरी कामगिरी होय. उणीव एवढीच की येथील युक्ती पत्त्यासारखी टाकली जाते आणि मुदत संपताच विरते. तिच्या पाठीमागे फितुरी नाही, घरभेदी नाही, कोणी माणूसच नाही.

माणूस कोठे असतो, हे पाहण्यासाठी कौटिलीय अर्थशास्त्राकडे वळणे इष्ट ठरेल. त्यात संन्यासी, व्यापारी, गृहस्थ, भिक्षुकी अशा वेषांतील गूढपुरुष सांगितले आहेत. तिघांची वार्ता जुळली तरच ती विश्वसनीय मानावी, असा दंडक आहे. दोन्हीकडून वेतन घेणाऱ्या उभयवेतनांविषयीचा नियम तर अंगावर शहारे आणणारा आहे : त्यांची बायकामुले राजाने आपल्या ताब्यात ठेवावी. वंचनेचे मोल कोण देते, हे या एका नियमात उघड झाले आहे. ऐतिहासिक खेळात कूटकर्म घालावयाचे असेल तर प्रारंभ येथून व्हावा. खेळाडूला नकाशा न देता वार्ता द्याव्यात. त्या परस्परविरोधी असाव्यात. आणि प्रतिपक्षाच्या संगणकानेही वस्तुस्थितीची एक व आपल्या समजुतीची दुसरी अशा दोन निरनिराळ्या वह्या ठेवाव्यात.

आपलाच नकाशा खोटे बोलतो हे कळल्यावर खेळाडू संतापेल, हा आक्षेप गंभीर आहे. यंत्राने फसविले आणि शत्रूने फसविले यांत त्याला भेद करता आला पाहिजे. एकोणिसाव्या शतकातील प्रशियन युद्धक्रीडेत दोन्ही पक्षांना आपापल्यापुरतेच दाखविणारा एक पंच असे, आणि त्याच्या निःपक्षपातावर सर्वांचा विश्वास असे. तोच विश्वास संगणकाने मिळविला पाहिजे. डाव संपल्यावर कोणती वार्ता कोणी व का पेरली, याची वही खेळाडूपुढे उघडी करणे हा त्याचा एक मार्ग होय.

या चर्चेला मराठवाड्यात एक निराळे वजन आहे. नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगर हे गाव लोकांच्या तोंडी अद्याप वाढोणा आहे. एका स्थळाची ही दोन नावेच नकाशा आणि वार्ता यांतील अंतर सांगतात. १९४७-४८ साली पैनगंगा ही या भागात निजामाच्या राज्याची सीमा होती, आणि पलीकडे वऱ्हाडात उमरखेडसारख्या ठिकाणी स्टेट काँग्रेसची शिबिरे होती. ३० जानेवारी १९४८ रोजी याच जिल्ह्यातील उमरीची बँक स्वातंत्र्यसैनिकांनी लुटली. त्याच वर्षी सिडनी कॉटनची विमाने कराचीहून हैदराबादेत चोरून शस्त्रे आणीत होती. कासिम रझवी लाल किल्ल्यावर आसफजाही निशाण फडकविण्याची भाषा बोलत होता. ही शत्रूला दाखविलेली धमक होती. पण तिच्यावर अधिक विश्वास बसला तो तिच्याच पक्षाचा, आणि सप्टेंबरात १३ ते १७ या पाच दिवसांत सारे उघडे पडले. आपल्याच हुलीला भुलणारा पक्ष अद्याप कोणत्याही प्रचलित खेळाला साधलेला नाही. त्यासाठी वर सांगितलेली समजुतीची वही स्वपक्षालाही लागेल.

अशा काळावर कोणी खेळ रचला तर पैनगंगेकाठचे गाव त्यात एक प्रांत होईल, आणि त्या प्रांतात ‘असंतोष’ नावाचा एक आकडा वरखाली होईल. नदी ओलांडून निरोप नेणारा, रझाकारांना बातमी देणारा, आणि बातमी दिल्याचा केवळ संशय ज्याच्यावर आला तो, हे तिघेही त्या एकाच आकड्यात लोपतील. वंचना घातल्याने खेळ अधिक चुरशीचा होईल, यात शंका नाही. परंतु त्या तिसऱ्या माणसाला स्वतंत्र सोंगटी द्यावयाची की नाही, हे रचनाकाराला पहिल्याच दिवशी ठरवावे लागेल.